पाळी, घाम आणि रोजची गोळी

मोपा येथे ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली आणि दिवसरात्र चालणारे आणखी एक मोठे कामाचे ठिकाण पेडणे तालुक्याला लाभले. डिचोलीला खाणींमुळे व औद्योगिक वसाहतीमुळे पाळीचे काम नवे नाही. अशा पाळ्यांवर जाणाऱ्यांत मनोविकारावरील औषध वर्षानुवर्षे घेणारेही असतात. ते आपले काम चोख करतात. गोळीची वार्ता मात्र शेजारच्या यंत्रावरील सोबत्यालाही नसते.

गोळीचे वेळापत्रक बहुधा रात्री झोपणाऱ्या माणसासाठी आखलेले असते. ओलान्झापिनसारखे औषध गुंगी आणते, म्हणून ते निजतेवेळी घेण्यास सांगतात. रात्रपाळीच्या कामगाराने ते रात्री नऊला घेतले, तर यंत्रापुढेच त्याचे डोळे मिटू लागतात. मग तो त्या आठवड्यापुरती गोळी वगळतो. प्रथम काही बिघडत नाही. उलट हुशारी वाटते. पुढे झोप उडते, संशय बळावतो आणि आजार उलटतो. लोक म्हणतात, औषधाचा गुण आला नाही! वस्तुतः औषध पोटात गेलेलेच नसते. डॉक्टरांना पाळीचे कोष्टक दाखविले, तर गोळीची वेळ पुष्कळदा सकाळच्या झोपेआधी बसविता येते. ज्याला उन्माद आणि अवसाद आलटूनपालटून येतात त्याची गोष्ट अधिक नाजूक. जागरणानेच त्याचा आजार उसळू शकतो. तेथे पाळीच बदलावी लागते.

या आजारात लिथियमचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली दाखविले. लिथियम हा एक क्षार. तो मूत्रावाटे बाहेर पडतो. घामाबरोबर पाणी आणि मीठ गेले, की मूत्रपिंडे उरलेले मीठ राखून ठेवू लागतात आणि त्यासोबत लिथियमही अडते. एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याखाली राबणाऱ्याच्या रक्तात त्याचे प्रमाण असे चढू शकते. कंबरदुखीवर परस्पर घेतलेले आयबुप्रोफेनही तेच करते. हात जोराने थरथरतात, उलटी-जुलाब होतात, पावले अडखळतात, जीभ जड होते. सोबत्यांना वाटते, गडी पिऊन आला! अशा वेळी त्याला घरी न धाडता तत्काळ इस्पितळात नेऊन रक्त तपासले पाहिजे. पिण्याचे पाणी हाताशी असणे, आणि ते पिण्यास सवड मिळणे, हा त्याच्या उपचाराचाच भाग होय.

मनाच्या शक्तीचा शोध घेणारे आबे फारिया कांदोळीचे. पणजीच्या जुन्या मनोरुग्णालयाला त्यांचेच नाव होते. त्याच भूमीत गोळीची लाज वाटावी, हे विचित्रच. नोकरी जाईल ही धास्ती मात्र खोटी म्हणता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश झाला, तरी कंत्राटावरील कामगाराला कागदावरचा हक्क बजावणे कठीण जाते.

तथापि मालकाला आजाराचे नाव सांगण्याची गरज नसते. 'यास रात्रपाळी देऊ नये' एवढा डॉक्टरांचा दाखला पुरेसा ठरू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर घातले आहे. बांबोळीच्या मनोरुग्णालयात जाताना म्हणूनच जुन्या चिठ्ठीबरोबर महिन्याच्या पाळ्यांचा कागदही खिशात असू द्यावा.