कोलामी भाषेंत मजकूर उतरवितांना

मी यवतमाळ जिल्ह्यांतील एक निवृत्त शिक्षक. केळापूर, मारेगांव, झरी-जामणी या तालुक्यांत कोलामांच्या वस्त्या आहेत. त्यांना 'पोड' म्हणतात. अशाच एका पोडावरचा मुलगा माझ्या पहिलीच्या वर्गांत होता. 'पाणी आण' म्हटलें, कीं तो नुसता पाहत राही. मीं त्याला मठ्ठ ठरविलें. पुढें समजलें, कीं त्याच्या घरीं पाण्याला 'ईर' आणि विस्तवाला 'किस' म्हणतात. मठ्ठ कोण होतें, हें आतां मी ओळखून आहे.

कोलामी ही मराठीची पोटभाषा नव्हे. ती तेलुगु-कन्नडांच्या द्राविड कुळांतील स्वतंत्र भाषा असून, एमेनो या भाषापंडितांनीं तिच्यावर १९५५ सालीं इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला. २०११ च्या जनगणनेंत सुमारें १ लाख २८ हजार लोकांनीं ती मातृभाषा म्हणून नोंदविली. अशा भाषेंत पाठ्यपुस्तक किंवा आरोग्याची सूचना उतरवावयाची, तर शब्दास शब्द ठेवून भागत नाहीं.

एक वाक्य घेऊं : 'आईनें औषध घेतलें, तें कडू होतें, पण ती बरी झाली.' मराठींत 'तें' आणि 'ती' यांचा घोटाळा होत नाहीं. कोलामींत एकवचनीं पुरुषाला एक सर्वनाम, आणि स्त्री, जनावर व वस्तु यांना मिळून दुसरें एकच. म्हणून तेथें 'आई' आणि 'औषध' हीं नांवेंच पुन्हा घेणें बरें.

उलट एक सोयहि आहे. ऐकणाऱ्याला वगळणारें 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारें 'आपण' हा मराठींतला भेद कोलामींतहि आहे. इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्यास तो दिसत नाहीं. आपणांस तो घरचाच. 'आपण पाणी उकळून पिऊं' यांतला आपलेपणा त्यामुळें जसाच्या तसा नेतां येतो.

शब्दांबरोबर उदाहरणेंहि बदलावीं लागतात. समुद्र न पाहिलेल्या मुलाला जहाजाच्या धड्यापेक्षां मोहाचें झाड जवळचें. लिपीचाहि विचार हवा : इकडे देवनागरी वाचणारे कोलाम, तर तेलंगणांत तेलुगु. आणि छापण्यापूर्वीं मजकूर पोडावर मोठ्यानें वाचून दाखवावा; म्हातारी हंसली, तर कां हंसली तें विचारावें.

भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करावी, असें राज्यघटनेचें ३५०-अ हें कलम १९५६ पासून सांगत आहे. त्या मुलाला मीं आधीं 'ईर' म्हटलें असतें, तर 'पाणी' तो माझ्याकडून आनंदानें शिकला असता.