थेंब सरकला, वीज आली

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही भुयारी पाणीयोजना १६१५ सालची, मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातली. सातपुड्यातून झिरपणारे पाणी या भुयारांतून केवळ उतारावर वाहत शहराकडे येते. असा संथ प्रवाह टर्बाइन फिरवायला अपुरा. घर्षणविद्युत नॅनोजनित्र या वीज बनवणाऱ्या उपकरणाला मात्र मंद, अनियमित हालचालही चालते.

तत्त्व : पाणी टेफ्लॉनसारख्या पृष्ठभागाला स्पर्शून सरकले, की टेफ्लॉनवर ऋण आणि पाण्यावर धन प्रभार येतो. थेंब पसरताना आणि ओघळताना जोडलेल्या धातूच्या पट्ट्यांमधून इलेक्ट्रॉन ये-जा करतात. हीच वीज.

जनक : जॉर्जिया टेकचे झोंग लिन वांग, २०१२.

ताकद : २०२० मध्ये हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी १५ सेंटिमीटरवरून पडलेल्या एका थेंबातून १४० व्होल्टहून अधिक दाब मिळवला, १०० छोटे एलईडी क्षणभर उजळले. विद्युतप्रवाह मात्र अत्यल्प असतो. दिल्ली आयआयटीत प्रा. नीरज खरे यांच्या गटाने बनवलेले उपकरण काही मिलिवॉट देते.

उपयोग : घर उजळण्याइतकी वीज यातून मिळत नाही. पण कुंडीतली पातळी किंवा तापीचा पूर मोजणाऱ्या छोट्या संवेदकांना बॅटरी न बदलता चालवण्यासाठी हे तंत्र आशादायक आहे. पृष्ठभागाची झीज आणि पाण्यातले क्षार हे त्यातले मुख्य अडथळे.