पायडलला बूट अडकवण्याआधी

कोल्हापुरी चपला घेताना आपण किती पारख करतो! वाकवून पाहतो, अंगठा आवळतो का ते बघतो. जाणत्या बायका तर संध्याकाळीच दुकानात जातात, कारण दिवसभराने पाय जरा फुगलेला असतो. मग शर्यतीच्या सायकलचे बूट नि पेडल घेताना ही अक्कल घरी का राहते? माझी राहिली होती, म्हणून सांगते.

मुलगा शिकायला बाहेरगावी गेला नि त्याची रोड बाइक घरात पडून राहिली. सीट खाली करून मी पहाटे रंकाळ्याला फेरी मारू लागले. हुरूप आला, तशी दुकानात जाऊन “चांगली पेडलं द्या” म्हटलं. त्यांनी शर्यतीची दिली. चौथ्या दिवशी सिग्नलला थांबले, बूट काही सुटेना, आणि उभीच्या उभी आडवी झाले! कोपर सोलवटलं ते आठ दिवसांत भरलं. पण घरातलं “आता बास झालं हं” काही केल्या विसरता येईना. सायकल विकायचंच ठरत होतं.

या पेडलांना ‘क्लिपलेस’ म्हणतात, ते नावच फसवं. पूर्वी पाय पट्ट्याच्या पिंजऱ्यात, म्हणजे टो-क्लिपमध्ये घालत. ती क्लिप गेली म्हणून ‘क्लिपलेस’; बूट मात्र अडकतोच. बर्फावरच्या स्कीला बूट अडकवण्याचे खटके करणाऱ्या ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने १९८४ साली ही पेडलं आणली आणि १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार इनोने त्यांवरच जिंकली. बुटाखालची पट्टी, तिला क्लीट म्हणतात, पेडलात खट्‌कन बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते.

आता निवडीचं. तीन स्क्रूची मोठी क्लीट शर्यतवाल्यांची. ती बुटाखाली बाहेर येते, त्यामुळे फरशीवर चालताना बदकासारखं चालावं लागतं आणि क्लीटही झिजते. दोन स्क्रूची छोटी क्लीट, म्हणजे एसपीडी, तळव्याच्या खाचेत बसते. त्या बुटांनी चहाच्या टपरीपर्यंत सरळ चालत जाता येतं. आपल्याला वाटेत दहादा उतरायचं असतं, तेव्हा माझं मत सरळ दोन स्क्रूला. त्यातही एका बाजूला खटका नि दुसरी बाजू सपाट असं पेडल मिळतं. सकाळी बूट, संध्याकाळी मंडईला साध्या चपला! शिमानोची ५१ नंबरची क्लीट फक्त टाच वळवली की सुटते. ५६ नंबरची जोराने वर ओढली तरी सुटते. नवखीने ५६ मागावी.

गुडघे कुरकुरत असतील तर पाऊल जखडून ठेवणारी क्लीट नकोच. तीन स्क्रूचीच घ्यायची असेल तर शिमानोची पिवळी घ्या. तिच्यात पायाला ६ अंशांची मोकळीक असते, निळीत २, आणि लालमध्ये मुळीच नाही. क्लीट अंगठ्यामागच्या उंचवट्याखाली, किंवा किंचित मागे, लावावी.

पेडल घरीच बदलणार असाल तर डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, हे ह्यांना आधीच सांगा, नाहीतर पान्याशी झटापट नि वर चिडचिड! खटक्याचा स्क्रू सुरुवातीला अगदी सैल ठेवा. मग अंगणात भिंतीला हात धरून प्रत्येक पाय वीस-वीसदा अडकवा, सोडवा. रस्त्यावर थांबायच्या बरंच आधी पाय सोडवायचा, आणि डावाच. म्हणजे तोल गेलाच तर कडेला जाईल, वाहनांकडे नाही. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागून जाताना मी दोन्ही पाय मोकळे ठेवते. पावसाळ्यात खाचेत चिखल बसतो, तो जुन्या टूथब्रशने काढावा.

सायकल विकली नाही हे सांगायला नकोच. गेल्या महिन्यात पन्हाळा गाठला, वीसेक किलोमीटर. शेवटच्या चढाला दोनदा उतरले, दोन्ही वेळा उभीच राहिले. वर झुणका-भाकर खायला हे गाडीने आले होते, आणि बुटांकडे बघत म्हणाले, “माझ्या मापाचे मिळतील का गं?”