ताडीगुत्ता, साष्टीतील
परवान्यावर ताडी-माडी विकण्याचे दुकान. ‘गुत्ता’ म्हणजे मुळात मक्ता. पुढे मक्तेदाराच्या दुकानालाच हे नाव पडले. साष्टी बेटाच्या वेसावे ते गोराई या किनाऱ्यावर ताड-माड छेदून रस काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने रस काढण्यास व विकण्यास परवाना आवश्यक झाला. झाडांवरही कर बसला. परिणामी झाडावर चढणारा आणि विकणारा यांची फारकत होत गेली. भांडवलवाला मक्तेदार (यांत पारशी पुष्कळ) गुत्त्याचा धनी झाला व भंडारी बहुधा त्याचा मजूर. १९३९ मध्ये व पुढे १९४९ च्या कायद्यान्वये दारूबंदी झाली. गुत्ते मिटले, हातभट्ट्या फोफावल्या आणि उघड विक्रीस नीरा तेवढी उरली. बंदी सैल झाल्यावर १९६८ च्या नियमांनी ताडीची दुकाने लिलावाने वा निविदेने दिली जाऊ लागली. म्हणजे मक्ताच पुन्हा आला.