अ‍ॅनिमेशनच्या प्रवेशासाठी चित्रसंग्रह कसा तयार करावा?

बारावीनंतर काय, हा प्रश्न हिमायतनगरच्या घराघरांत दरवर्षी उपस्थित होतो आणि अलीकडे त्याच्या उत्तरांत अ‍ॅनिमेशनच्या पदवीचेही नाव ऐकू येते. ज्या मुलामुलींचा हात चित्रकलेत चांगला आहे, त्यांच्या पालकांना आम्ही सर्वप्रथम एकच गोष्ट सांगू इच्छितो. निकाल लागल्यावर चौकशी सुरू केली तर उशीर झालेला असतो. मुंबईच्या आय.आय.टी.कडून २०१५ पासून घेतली जाणारी युसीड परीक्षा काय किंवा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेशपरीक्षा काय, त्यांचे अर्ज बारावीच्या वर्षातच, बोर्डाच्या परीक्षेआधी भरावे लागतात. या परीक्षांना कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. युसीडमध्ये चित्रसंग्रह मागत नाहीत, तेथे परीक्षेतच चित्र काढावयाचे असते. अनेक खाजगी संस्था व परदेशी विद्यालये मात्र अर्जासोबत पोर्टफोलिओ, म्हणजे अर्जदाराने स्वतः केलेल्या निवडक कामांचा संग्रह, मागतात.

या संग्रहात काय असावे, याविषयी मोठा गैरसमज आढळतो. विद्यार्थी दूरदर्शनवरील 'छोटा भीम' किंवा जपानी मालिकांतील पात्रे हुबेहूब उतरवून काढतात आणि घरचे त्यांचे कौतुक करतात. परंतु अशा चित्रात निरीक्षण दुसऱ्याचे असते, विद्यार्थ्याची केवळ नक्कल असते. निवड करणाऱ्यांस पाहावयाचे असते ते अर्जदाराचे डोळे. अमेरिकेतील कॅलआर्ट्ससारखी विख्यात संस्थादेखील प्रत्यक्ष पाहून काढलेल्या रेखाटनांवर भर देते.

आपल्या राज्यातील इलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षा दिलेल्यांची बैठक पक्की असते, हे खरे. तथापि तेथील स्थिरचित्रातील तांब्या जागचा हलत नाही. अ‍ॅनिमेशनचा विषयच हालचाल हा आहे. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात, आणि त्यांतील प्रत्येक चौकटीत शरीराचा भार कोठे आहे, हे चित्रकारास ठाऊक असावे लागते. आमच्या मते या दृष्टीने स्मरणचित्राचा सराव अधिक उपयोगी पडतो.

मग हिमायतनगरच्या विद्यार्थ्याने काय करावे? येथे समोर माणूस बसवून चित्र काढण्याचे वर्ग नाहीत, ही उणीव आहेच. पण आठवडी बाजार आहे, एस.टी. स्थानक आहे, आदिलाबादकडे जाणारी रेल्वे आहे. पोते उचलणारा हमाल पाहावा. तो आधी पाय रोवतो, मग गुडघ्यांत वाकतो, आणि पोते एका खांद्यावर येताच त्याचे अंग दुसऱ्या बाजूस कलते. म्हैस बसते तेव्हा पुढचे गुडघे आधी टेकते, उठते तेव्हा मात्र मागचा भाग आधी उचलते. घोड्याचे उठणे याच्या उलट असते. हे ज्याने गोठ्यात बसून पाहिले आहे, त्याच्याजवळ शहरातील विद्यार्थ्याजवळ नसलेली शिदोरी आहे. एका रेखाटनास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ देऊ नये; चुकलेली रेघ खोडू नये. अशी एक वही रोज भरत गेली, तर वर्षभरात संग्रहाचा कणा तयार होतो.

आपल्या चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. त्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून त्याचा अंकुर रोज थोडा थोडा चित्रित केला आणि त्या लघुपटाच्या बळावर पहिल्या चित्रपटासाठी भांडवल मिळविले. भांडवलदारांसमोर ठेवलेला तो एक पोर्टफोलिओच होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये! आज तोच प्रयोग साध्या मोबाइलवर करता येतो. वहीच्या कोपऱ्यात क्रमाने चित्रे काढून पाने फरफर उलटली, तरी हालचालीचा नमुना दाखविता येतो.

संस्थेने संख्या सांगितली नसेल तर १५ ते २० कामे पुरेत. त्यांत निम्मी प्रत्यक्ष रेखाटने, एखादी सहा-आठ चौकटींत सांगितलेली गोष्ट, थोडे रंगकाम, मातीकाम येत असल्यास त्याचे छायाचित्र. दुबळे चित्र केवळ भरतीसाठी घालू नये. छायाचित्रे सकाळच्या उजेडात, सावलीत, कागद सपाट ठेवून व मोबाइल त्याला समांतर धरून घ्यावीत. महागड्या संगणक-अभ्यासक्रमासाठी कर्ज काढण्याची या टप्प्यावर गरज नाही. सॉफ्टवेअर पदवीच्या वर्गात शिकवितातच. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेले चित्र आपले म्हणून देणे ही फसवणूक आहे, आणि मुलाखतीत समोर कागद ठेवला की ती उघडी पडते. मूळ वह्या, अर्धवट पानांसह, जपून ठेवाव्यात. मुलाखतीच्या वेळी त्या मागितल्या जाऊ शकतात.