कार्ड खाटेचं, गोळी केंद्राची

सत्तरी गाठलेल्यांसाठीचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागलं. कार्ड आहे म्हणजे औषधं फुकट, हा गैरसमजही त्याच्याबरोबर पसरला. रायगडमधल्या धरमतर खाडीकाठच्या एखाद्या आजोबांनी बीपी-शुगरची चिठ्ठी आणि हे कार्ड वडखळच्या किंवा पेणच्या मेडिकलवर पुढे केलं, तर दुकानदार काहीही करू शकत नाही. त्या गोळ्यांचे पैसे त्याला भरून देणारं कुणी नाही. कार्ड चालतं ते आयुष्मान भारत योजनेतल्या अंगीकृत रुग्णालयात, तेही भरती झाल्यावर. भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्या काळातली औषधं त्यात धरलेली आहेत. सोळाव्या दिवसाची गोळी कार्डाबाहेरची.

दुसरा समज रुग्णालयांबद्दलचा: ‘त्यांना काय, सरकार बिल भरतं.’ सरकार बिल भरत नाही, उपचाराला ठरलेला दर देतं. मोतीबिंदू असो की अँजिओप्लास्टी, औषधं त्या दरातच आली. म्हणून रुग्णालय महागडा ब्रँड सोडून जेनेरिक खरेदी करतं, आणि त्यात वावगं काही नाही. अडचण येते ती गुंतागुंत झाली की. वयस्क रुग्णाला जंतुसंसर्ग झाला, भारी अँटिबायोटिक लागलं, मुक्काम लांबला, तर तो भार रुग्णालयावर पडतो. त्यातूनच ‘एवढं इंजेक्शन बाहेरून आणा’ ही चिठ्ठी नातेवाइकांच्या हाती येते. पॅकेजमधल्या उपचारासाठी अशी चिठ्ठी देणं नियमाला धरून नाही. ती घेऊन दुकानाकडे धावण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे जावं. ठरलेल्या दराची ही पद्धत रायगडला नवी नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत रायगड होता. तीच आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना.

मग रोजच्या गोळीचं काय? तिची सोय कार्डात नाही, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फडताळात आहे, आणि माझ्या मते वृद्धांसाठीची खरी औषध योजना तीच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. पेण आणि रोह्याची उपजिल्हा रुग्णालयंही त्यात आली. वयाची अट नाही, कार्डही लागत नाही.

याचा भार कुणावर पडतो ते पाहा. बीपीचा रुग्ण दर महिन्याला येणार, आयुष्यभर येणार. केंद्रातल्या औषध निर्माण अधिकाऱ्याला त्याचा हिशेब धरून मागणी पाठवावी लागते. साठा आला नाही की शिव्या त्यालाच. वास्तविक खरेदी त्याच्या हातात नसते. राज्याची खरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे होती, नंतर २०२३ च्या कायद्याने तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं. खिडकीवरच्या माणसाशी भांडून गोळी लवकर येत नाही.

‘सरकारी गोळीत पॉवर नसते’ हे वाक्य तर प्रत्येक आळीत ऐकू येतं. अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम म्हणजे ५ मिलिग्रॅमच, वेष्टण कुणाचंही असो. खरा धोका वेगळाच आहे. केंद्रातून एका रंगाची गोळी आणायची, खासगी डॉक्टरांनी दुसऱ्या ब्रँडची लिहून द्यायची, आणि आजींनी दोन्ही घ्यायच्या, कारण दिसायला त्या निराळ्या! औषध एकच, डोस दुप्पट. पाय सुजतात, उठताना चक्कर येते. म्हणून दोन्हीकडे जाणाऱ्यांनी सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर मांडाव्यात.

स्वस्त जेनेरिक औषधांचं जनऔषधी केंद्र मात्र फुकट नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत दुकान खासगी माणूस चालवतो, विक्रीवर त्याला कमिशन मिळतं, आणि औषधं ब्रँडपेक्षा साधारण ५० ते ९० टक्के स्वस्त पडतात. पण डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं असेल, तर कोणत्याही औषध विक्रेत्याला शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणारं औषध आपल्या मनाने बदलून देता येत नाही. औषधविषयक नियमांत तशी मनाई आहे. स्वस्त गोळीची किल्ली दुकानदाराकडे नाही, चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या पेनात आहे. डॉक्टरांकडे जेनेरिक नावाचा आग्रह धरायला लाजू नये.

अमेरिकेतल्या नातेवाइकांचा फोन आला की आणखी एक समज घट्ट होतो: तिकडे म्हाताऱ्यांना औषधं मोफत. तिथला ‘मेडिकेअर पार्ट डी’ हा औषधांचा विमा २००६ पासून आहे खरा, पण तो खासगी विमा कंपन्यांमार्फत चालतो, बहुतेकांना हप्ता भरावा लागतो आणि औषधामागे स्वतःचा वाटाही द्यावा लागतो.

त्या धर्तीची, म्हणजे बाह्यरुग्णाचीही औषधं देणारी सोय रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतून निवृत्त झालेल्या काही कामगारांना मात्र मिळू शकते, आणि तीच सर्वांत कमी ठाऊक आहे. किमान पाच वर्षं ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा असताना वयोमानानुसार निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. जुना विमा क्रमांक आणि नोकरीचा पुरावा जपून ठेवलेला हवा.