क्वार्टरबॅक कधी उचलावा?

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की इथे अमेरिकेत ऑफिसात, मुलांच्या शाळेबाहेर, अगदी मराठी मंडळाच्या मीटिंगमध्येसुद्धा तरुण मंडळींचा एकच विषय असतो, एनएफएलचा ड्राफ्ट. भारतात आई-बाबांना हे फोनवर सांगायला जावं तर "म्हणजे आयपीएलचा लिलाव ना?" हा प्रश्न ठरलेलाच. थोडंफार तसंच, पण इथे बोली लागत नाही. संघ ३२, फेऱ्या सात. मागच्या हंगामात जो सगळ्यांत वाईट खेळला, त्याला पहिला नंबर. कॉलेजातून येणारी पोरं प्रत्येकाने आपापल्या नंबरावर उचलायची. नंबर आवडला नाही तर दुसऱ्या संघाशी अदलाबदल करायची.

या सगळ्यात जीव अडकलेला असतो तो क्वार्टरबॅकमध्ये. चढाईचा जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्या हातातल्या चेंडूपासून सुरू होतो. फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतःच पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, तेही समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर येत असताना. असा माणूस नसलेला संघ बाकी कितीही चांगला असो, घोडं कुठेतरी अडतंच.

तरीही खरा पेच 'कोणाला घ्यावं' यापेक्षा 'कधी घ्यावं' हा आहे, आणि त्याचं मूळ पैशात आहे. २०१० साली पहिल्या नंबरावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सेंट लुईसच्या संघाने सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला होता. २०११ मध्ये नवोदितांच्या पगारावर मर्यादा आली आणि त्या वर्षीच्या पहिल्या नंबराला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे साधारण २ कोटी २० लाख मिळाले. प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते. त्यामुळे चांगला क्वार्टरबॅक स्वस्तात मिळाला, तर उरलेल्या पैशात बाकीचा संघ भरता येतो. पण ही सवलत चार-पाच वर्षांचीच. नंतर तोच मुलगा वर्षाला पाच-सहा कोटी डॉलर मागतो आणि संघाला ते द्यावेही लागतात. म्हणजे मुलगा घेतला त्या दिवसापासून घड्याळ सुरू.

म्हणून मग घाई होते. चांगलं स्थळ हातचं जाईल या भीतीने आपल्याकडे पत्रिका न बघताच होकार कळवतात ना, तसंच. आमच्या बे एरियाच्या फोर्टीनायनर्सने २०२१ मध्ये हेच केलं. १२व्या नंबरावरून तिसऱ्यावर येण्यासाठी त्यांनी मायामीला तो १२वा नंबर, २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेरीतल्या निवडी आणि वर तिसऱ्या फेरीतली एक निवड दिली. एवढं देऊन घेतला ट्रे लान्स. मुलगा गुणी होता, पण कोविडमुळे कॉलेजच्या शेवटच्या हंगामात त्याला एकच सामना मिळालेला. २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संघाने त्याला चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकलं.

आणि याच संघाने २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, २६२व्या नंबरावर ब्रॉक पर्डीला घेतलं होतं. शेवटच्या मुलाला इथे गमतीने 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे खिजगणतीत नसलेला. वर्षाला दहा लाख डॉलरही न मिळवणाऱ्या या पोराने फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाला सुपर बोलपर्यंत नेलं. तिथे जादा वेळेत कॅन्सस सिटीकडून २५-२२ अशी हार झाली, तो भाग वेगळा.

"बघा, थांबलं की मिळतो!" असं यावर पुष्कळ लोक म्हणतात. टॉम ब्रेडीचंही नाव घेतात, तो २००० साली १९९व्या नंबरावर मिळाला होता. मला हे पटत नाही. पर्डी हिरा आहे हे माहीत असतं, तर शेवटच्या नंबरापर्यंत कोण थांबलं असतं? फोर्टीनायनर्सनी स्वतःच त्याच्याआधी इतर मुलं घेतली होती. लॉटरी लागली म्हणून लॉटरीच्या भरवशावर कोणी संसार मांडत नाही.

मला शहाणपण दिसतं ते गरज पडायच्या आधी घेणाऱ्यांत. ग्रीन बेकडे ब्रेट फाव्र खेळत असताना त्यांनी २००५ मध्ये २४व्या नंबरावर ॲरन रॉजर्स घेतला आणि तीन वर्षं बाकावर बसवून शिकवला. मग रॉजर्स असताना २०२० मध्ये जॉर्डन लव्ह घेतला, तोही तीन वर्षं थांबला. कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये २७व्या नंबरावरून दहाव्यावर उडी मारून पॅट्रिक माहोम्स घेतला, तेव्हा त्यांच्याकडे ॲलेक्स स्मिथ उत्तम खेळत होता. माहोम्सला त्या पहिल्या वर्षी एकच सामना मिळाला. अर्थात यासाठी मालकाचा धीर लागतो. ज्या प्रशिक्षकाची नोकरी पुढच्या डिसेंबरला जाणार आहे, तो तीन वर्षांनंतरचं झाड कशाला लावेल?

पण हेही जपून करावं लागतं. अटलांटाने मार्च २०२४ मध्ये कर्क कझिन्सला दहा कोटी डॉलरची हमी देऊन आणलं आणि साधारण दीड महिन्यातच आठव्या नंबरावर मायकल पेनिक्स घेतला. डिसेंबरात कझिन्स बाकावर! त्या दहा कोटींत बाकीच्या संघासाठी किती खेळाडू आले असते, याचा हिशोब तिथले चाहते अजून मांडतात.

आमच्याकडचं घड्याळही थांबलं नाही. मे २०२५ मध्ये पर्डीने पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर सही केली. हे येणार हे सगळ्यांना दिसत होतंच. त्याआधी मार्चमध्येच डीबो सॅम्युअल वॉशिंग्टनला गेला होता, ग्रीनलॉ आणि हुफांगा डेन्व्हरला.